सगळे पेशवे, ओळीने

माझा एक मावसभाऊ बरीच वर्षं अमेरिकेत असतो. तिथे त्याने एक उद्योग आरंभला होता. जॉर्ज वॉशिंग्टनपासून सुरुवात करून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाचं निदान एक चरित्र वाचायचं, तेही क्रमाने आणि एकालाही न गाळता. मी विचारलं, कंटाळा नाही आला? तर म्हणाला, "लिंकन कोणीही वाचतो रे. खरी परीक्षा त्याच्या आधीच्या तिघांची. फिलमोर, पिअर्स, ब्युकॅनन. ही पुस्तकं लायब्ररीत कोणी हातात घेत नाही. पण ते तिघं वाचल्याशिवाय लिंकनच्या वाट्याला यादवी युद्ध का आलं ते कळतच नाही."

हे वाक्य डोक्यात राहिलं. आपण अशी यादी घ्यायची तर कोणाची घ्यावी? महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची घ्यावी असं आधी वाटलं, पण सगळ्यांची धड चरित्रं मिळायची नाहीत. मग एकदम सुचलं, पेशवे! यादी आटोपशीर, पुस्तकं मुबलक, आणि मी राहतो लोणावळ्यात. पुण्याला लोकलने जाऊन-येऊन रोजचे तीनएक तास हाताशी असतात. शिवाय पेशवाईचा निम्मा इतिहास या लोकलच्या खिडकीतून दिसतो (हे मात्र वाचायला लागल्यावर कळलं, आधी नव्हतं माहीत).

आणखी एक कारण होतं. माझे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या लेखी पेशवे दोनच, पहिला बाजीराव आणि थोरले माधवराव. बाकीची सगळी भर. आणि एक पेशवा तर शिवी म्हणून वापरायचा. मी इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून घरी आलो, तेव्हा दारातच त्यांनी मला "या, दुसरे बाजीराव!" म्हणून हाक मारली होती. पुढे सगळं मार्गी लागलं, पण ती हाक काही विसरलो नाही. तेव्हा ठरवलं, वाचायचं तर त्याच्यापर्यंत वाचायचं. मध्ये उतरायचं नाही.

पहिल्याच पायरीला अडखळलो. यादी सुरू कुठून करायची? पेशवा हे पद शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतलं. मोरोपंत पिंगळे पेशवेच होते. अमेरिकेतही असले घोळ आहेतच म्हणा. ग्रोव्हर क्लीव्हलँड मध्ये चार वर्षं सोडून दोनदा अध्यक्ष झाला, म्हणून तो बाविसावाही आणि चोविसावाही. (आता ट्रम्प यांच्यामुळे तो एकटा राहिला नाही.) मी भट घराण्यापासून, म्हणजे बाळाजी विश्वनाथांपासून सुरुवात करायचं ठरवलं. पण त्यांचं चरित्र उघडलं की पहिल्या काही पानांतच त्यांच्या आधीचा पेशवा भेटतो, बहिरोपंत पिंगळे. आणि तो भेटतो तो आमच्या मावळात!

गोष्ट १७१३ ची. शाहू महाराज आणि ताराबाई यांच्या भांडणात कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला होते. शाहूंनी त्यांच्यावर पेशवा बहिरोपंतांना धाडलं. कान्होजींनी लोहगड घेतला, आणि पेशव्यालाच कैद केलं. आता पेशवाच नाही म्हटल्यावर शाहूंनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मांजरीला बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली. नव्या पेशव्याने लढाई केलीच नाही. १७१४ च्या सुरुवातीला तो कान्होजींना भेटला. कुठे? लोणावळ्याला. कान्होजींनी शाहूंना मान द्यायचा आणि बहिरोपंतांना सोडायचं. बदल्यात आरमार त्यांचं, सरखेल हा किताब त्यांचा, कोकणातले दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांची. राजमाचीसुद्धा त्यांच्याकडेच राहिली.

म्हणजे भट घराण्याचं पहिलं मोठं काम हे, आणि ते आमच्या गावात झालेलं. समुद्र ज्याला कळतो त्याच्याकडे समुद्र ठेवायचा आणि आपण घाटावर बघायचं, अशी ती शहाणी तडजोड. शाळेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनीही नाही. बाळाजी विश्वनाथ म्हणजे 'बाजीरावाचे वडील', संपलं.

नंतर बाजीराव. त्यांच्याबद्दल मी काय सांगणार? ते माळव्यात गेले, दिल्लीपर्यंत गेले, निजामाला पालखेडला आणि भोपाळला कोंडलं, आणि १७४० साली एकोणचाळिसाव्या वर्षी नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले. वाचताना अंगावर काटा येतो, आजही. पण या खेपेला दोन गोष्टी खटकल्या, त्या आधी कधी खटकल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे कर्ज. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत हा अजिंक्य माणूस सावकारांच्या तगाद्याने रडकुंडीला आलेला दिसतो. दुसरी गोष्ट तळेगावची. लोकल तळेगावला थांबते तेव्हा आपल्याला फक्त चढणारी गर्दी दिसते. पण हे तळेगाव दाभाडे, मराठ्यांच्या सेनापतींचं गाव. गुजरातच्या वाटणीवरून सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि पेशवा यांच्यात बिनसलं, आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभोईजवळच्या लढाईत त्रिंबकराव मारले गेले. छत्रपतींचा पेशवा आणि छत्रपतींचा सेनापती समोरासमोर! बाजीरावांच्या चरित्रांत हा एक विजय असतो, पाच-सात पानांचा. तळेगावकराच्या लेखी तो काय असेल? त्रिंबकरावांच्या आई उमाबाई त्यानंतर वीसेक वर्षं जगल्या. त्यांच्या बाजूने मी हे कधी वाचलंच नव्हतं.

ही लढाई बाजीरावांनी जिंकली, हे खरं. पण त्यानंतर शाहूंच्या दरबारात पेशव्याला अडवू शकेल असा बरोबरीचा माणूस उरला नाही. पेशवा बाजीरावासारखा असतो तोवर हे छान चालतं. पेशवा चाळीस दिवसांचं मूल असेल तेव्हा काय? तेव्हा ती जागा कोणी ना कोणी भरणारच.

तिसरे नानासाहेब. पुण्याला पुणे करणारा हा माणूस. पर्वती, पेठा, कात्रजहून आणलेलं पाणी, सगळं यांच्या काळातलं. पानिपतानंतर, १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर ते वारले, चाळिशीत. मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ भाऊसाहेब दोघं पानिपतात गेलेले. माणूस खचून मेला, वाईट वाटतंच. पण माझं लक्ष पानिपताच्या पाच वर्षं आधीच्या एका प्रकरणावर अडकलं.

कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्याला जुमानत नव्हता. तुळाजी काही संत नव्हता, त्याचा उपद्रव खराच होता. पण त्याला वठणीवर आणायला नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांना हाताशी धरलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळून खाक झालं. आजोबांनी लोणावळ्याला जे आरमार राखलं, ते नातवाने बेचाळीस वर्षांनी इंग्रजांकडून जाळवलं. हे मी कामशेत स्टेशनच्या आसपास वाचलं आणि पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो.

कामशेतचं नाव मुद्दाम घेतलं. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून इथेच येऊन राहिले आणि १९५९ साली इथेच वारले. 'मराठी रियासत' त्यांची, आणि पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंडही त्यांनीच संपादित केले. एक माणूस उभ्या आयुष्यात किती कागद वाचू शकतो! त्यांची रियासत हातात घेतली की एक गोष्ट जाणवते. चरित्रकार आपल्या नायकापाशी थांबतो, रियासतकार थांबत नाहीत. एक पेशवा गेला की पुढचा येतो, आणि आधीच्याचं देणं त्याच्या नावावर चढतं. क्रमाने वाचायचं म्हणजे काय, ते मला सरदेसायांनी शिकवलं. रोज त्यांच्या गावावरून जातो आणि इतकी वर्षं मला याचा पत्ता नव्हता.

चौथे माधवराव. सोळाव्या वर्षी पेशवे, सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेले. आमच्या पिढीने माधवराव वाचले ते रणजित देसाईंच्या 'स्वामी'त, त्यामुळे चरित्र वाचतानाही डोळे ओले करायची सवय. पण इथेही तेच कर्ज भेटतं. मरणाच्या दारात असताना या मुलाने मागे राहणाऱ्यांसाठी ज्या गोष्टी लिहवून ठेवल्या, त्यांत कर्जफेडीची चिंता आहे. आजोबांपासून चालत आलेली चिंता!

नारायणराव नऊ महिने पेशवे. त्यांच्याबद्दल आपल्याला त्यांचा मृत्यू तेवढा माहीत, आणि 'ध'चा 'मा'. अठराव्या वर्षी मारल्या गेलेल्या मुलाचं चरित्र ते काय असणार? भाऊ म्हणतो, त्यांच्याकडे विल्यम हेन्री हॅरिसन आहे, महिनाभरात गेलेला.

मग राघोबादादा. यांना यादीत घ्यायचं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. घेतलं, आणि बरं झालं. 'अटकेपार झेंडे लावले' हे आपण रोज बोलतो ना, ते झेंडे या माणसाच्या मोहिमेचे. १७५८ साली लाहोरला गेलेल्या फौजेचे सेनापती हेच. (येताना कर्ज घेऊन आले, हेही खरं.) वाक्प्रचार आपण ठेवून घेतला आणि माणूस टाकून दिला. टाकायला कारणं होती, नाही असं नाही. पुतण्याच्या खुनाचा ठपका आहे, आणि १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी केलेला तह आहे. पण इंग्रजांना घरच्या भांडणात बोलवायची वाट दादांनी पाडलेली नाही. वीस वर्षं आधी त्यांच्या थोरल्या भावानेच ती पाडली होती, तीही पेशवेपदावर असताना.

आता पुन्हा आमच्या मावळात येऊ. जानेवारी १७७९. दादांना गादीवर बसवायला मुंबईहून इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. बरोबर एकोणीस हजार बैल! रोज जेमतेम मैलभर सरकायची. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपल्या लोकांनी ज्याला 'इष्टुर फाकडा' म्हटलं तो. शत्रूच्या शौर्यालाही नाव देणारी ही माणसं. तळेगावला पोचावं तर गाव ओस, दाणागोटा जाळलेला. पुढे महादजी शिंदे आणि मराठ्यांची फौज. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावला चहूबाजूंनी कोंडले गेले आणि तह करून सुटले. वडगावला महादजींचं स्मारक आहे, ते असायलाच हवं.

पण पेशव्यांची यादी हातात घेऊन या लढाईकडे पाहिलं तर काय दिसतं? इंग्रजांच्या गोटात एक माजी पेशवा बसलाय. ज्याच्या नावाने मराठे लढतायत तो पेशवा, सवाई माधवराव, चार वर्षांचा आहे. आणि त्या माजी पेशव्याला एक मुलगा आहे, तोही चारच वर्षांचा. त्याचं नाव बाजीराव. एका चार वर्षांच्या मुलाचा मावळात विजय झाला आणि दुसऱ्याचा पराभव, आणि दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं.

सवाई माधवराव एकविसाव्या वर्षी, १७९५ मध्ये, शनिवारवाड्यातून पडून गेले. जन्मभर नाना फडणवीसांच्या देखरेखीत. दुसरा मुलगा कैदेत वाढला. नवव्या वर्षी वडील गेले, नंतर नाशिकजवळ आनंदवल्लीला आणि मग जुन्नरला पहाऱ्यात. सवाई माधवराव गेल्यावर वर्षभर नुसत्या कारस्थानांचा बाजार भरला. मध्ये काही महिने त्याच्याच धाकट्या भावाला, चिमाजी आप्पाला, पेशवा केलं. शेवटी १७९६ च्या डिसेंबरात हा गादीवर बसला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. लढाई शिकलेला नाही, कारभार शिकलेला नाही. शिकला होता ते एवढंच, की कोणावर विश्वास टाकायचा नाही आणि संधी मिळाली की निसटायचं.

तर शेवटी या दुसऱ्या बाजीरावापाशी मी येऊन पोचलो. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा' लिहून त्याला थोडी माणुसकी दिली होती, ती आधी वाचली होतीच. आता चरित्र वाचलं. मी त्याची वकिली करणार नाही. विठोजी होळकरांना त्याने हत्तीच्या पायी दिलं, त्यातून यशवंतराव होळकर पुण्यावर आले, १८०२ च्या दिवाळीत हडपसरला लढाई झाली आणि हा पळाला. पळाला तो थेट वसईला. तिथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. कंपनीची फौज कायमची पदरी घ्यायची आणि तिच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. ज्या वसईसाठी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किती माणसं खर्ची घातली, त्याच वसईत. हे वाचताना राग येतोच, यायलाच हवा.

पण या खेपेला रागाबरोबर आणखी काहीतरी आलं. तो जे करत होता त्यातलं नवीन काय होतं? घरच्या शत्रूविरुद्ध इंग्रज बोलावणं नवीन नव्हतं. कर्जही नवीन नव्हतं. पेशव्याला 'हे करू नका' असं सांगू शकेल असा बरोबरीचा माणूस शेजारी नसणं, तेही जुनंच. समुद्रावर इंग्रजांना अडवील असं आरमार नसणं, हे चुलते नानासाहेबांच्या वेळेपासूनचं. वाडवडिलांनी केलेलं देणं वसूल करायला सगळे त्याच्या दारात उभे राहिले, आणि घरात कर्ता म्हणून नेमका सगळ्यात कमकुवत मुलगा होता. दुबळेपणा त्याचा होता. देणं सगळ्या घराण्याचं होतं.

शेवटही मावळात आहे, तो सांगून थांबतो. लोकल मळवलीला आली की पुण्याकडे जाताना उजव्या हाताला विसापूर आणि लोहगड दिसतात. विसापूर उंच, त्यावर तोफ चढवली की लोहगड टिकत नाही. ४ मार्च १८१८ ला कर्नल प्रॉथरने विसापूर घेतला. दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांनी लोहगड सोडला. पेशवा तेव्हा पळतच होता. जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला, आठ लाखांचं पेन्शन घेऊन गंगेकाठी बिठूरला गेला आणि १८५१ मध्ये शहात्तराव्या वर्षी वारला. बाजीराव एकोणचाळीस, नानासाहेब चाळीस, माधवराव सत्तावीस, नारायणराव अठरा, सवाई माधवराव एकवीस, आणि हा शहात्तर! वयाचाही त्याला आपण राग धरतो की काय, असं कधी कधी वाटतं.

ज्या लोहगडापायी बहिरोपंत कैद झाले आणि भटांना पेशवाई मिळाली, तोच लोहगड भटांच्या शेवटच्या पेशव्याच्या हातून न लढता गेला. मध्ये एकशे चार वर्षं. हे मी कितीदा त्या गडावर जाऊन आलो असेन, पावसात, भजी खात! कधी डोक्यात आलं नाही.

या सगळ्याला तीन वर्षं लागली. वडील आता नाहीत. असते तर रात्री जेवताना वाद घातला असता. दुसरा बाजीराव चांगला होता, असं मी त्यांना म्हटलं नसतं. पण एवढं नक्की विचारलं असतं, की अण्णा, तुम्ही आम्हाला दोनच पेशवे शिकवलेत, मग तिसऱ्याने केलेला हिशोब आठव्याच्या माथी कसा मारलात? ते थोडा वेळ गप्प बसले असते आणि मग, मला खात्री आहे, 'आधी ते इंजिनियरिंग का सोडलंस ते सांग' म्हणाले असते.

असो. मावसभावाला फोन करून सांगितलं, माझी यादी संपली. त्याने विचारलं, "शेवटचा कसा होता?" मी म्हटलं, शेवटचा नीट कळायला पहिल्यापासून वाचावं लागतं. तो हसला. म्हणाला, "ब्युकॅननचं पण तेच रे."